टायर झिजतो, तो जातो कुठे?



प्रजासत्ताक दिनाच्या एनसीसी शिबिराहून परतलेल्या मुलांना मी दरवर्षी एकच प्रश्न विचारतो, दिल्लीत काय पाहिलेत? उत्तरे ठरलेली असतात. करिअप्पा परेड ग्राउंड, कर्तव्यपथ, कडाक्याची थंडी, धुके. मागच्या खेपेला एका छात्राने मात्र वेगळेच सांगितले. सकाळच्या सरावानंतर तोंड पुसले की पांढरा रुमाल काळा व्हायचा. "सर, हा सगळा गाड्यांचा धूर का?"

"सगळा नाही," एवढेच मी तेव्हा म्हणालो, कारण फॉलइनची शिट्टी झाली होती. उत्तराचा राहिलेला भाग आज लिहितो आहे.

दिल्लीची हवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात, पंजाब-हरियाणात जाळली जाणारी पराली आणि गाडीच्या नळकांड्यातून निघणारा धूर. दोन्ही खऱ्या आहेत, पण चित्र तेवढ्यावर पुरे होत नाही. आयआयटी कानपूरने दिल्ली सरकारसाठी केलेला अभ्यास २०१६ मध्ये बाहेर आला. त्यात शहरात निर्माण होणाऱ्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांपैकी ३८ टक्के रस्त्यावरच्या धुळीतून आणि २० टक्के वाहनांतून येतात असा हिशोब होता. दोन वर्षांनी दिल्लीच्या टेरी आणि आपल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थांनी संपूर्ण एनसीआरचा वेगळ्या पद्धतीने अभ्यास केला आणि दिल्लीतल्या हिवाळी पीएम २.५ मध्ये वाहनांचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास धरला. पद्धत बदलली की आकडे बदलतात, त्यात गोंधळून जाऊ नका. मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते 'रस्त्यावरची धूळ' या शब्दांकडे. ही धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात बांधकामाचे सिमेंट असते, डांबराचा चुरा असतो, ब्रेकचा कीस असतो आणि झिजलेल्या टायरचे रबरही असते.

आता वही काढा. एक साधे गणित करू.

मध्यम मोटारीच्या नव्या टायरवरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा, असा नियम आहे. म्हणजे वापरात ६.४ मिलिमीटर रबर जाते. टायर ४०,००० किलोमीटर चालला असे धरा. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर, म्हणजे परीघ जवळपास १.९ मीटर. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी १५ सेंटिमीटर घ्या आणि नक्षीच्या खाचांसाठी ३० टक्के वजा करा. झिजलेल्या रबराचे घनफळ येते सव्वा लिटरच्या थोडे वर. रबर पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून वजन सुमारे १.४ किलो. चार चाकांचे ५.६ किलो. भागिले ४०,०००, म्हणजे दर किलोमीटरला १४० मिलिग्रॅम.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त आवडते. एका किलोमीटरला चाक सुमारे ५३० वेळा फिरते. ६.४ मिलिमीटरला ४०,००० ने आणि मग ५३० ने भागा. एका फेऱ्यात उतरणारा थर भरतो ०.३ नॅनोमीटर, म्हणजे दोन-तीन अणूंची जाडी! अर्थात ही सरासरी झाली. प्रत्यक्षात रबर असे थराथराने सुटत नाही. खोडरबर कागदावर घासल्यावर जशा बारीक वळ्या पडतात तशाच टायरच्याही पडतात, आणि त्यांना रस्त्यावरची खनिज धूळ चिकटते. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण लांबट, शेवयांच्या तुकड्यांसारखे दिसतात.

बीएस-६ नियमांत डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांची मर्यादा आहे किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅम. आपले उत्तर आले १४०. हे दोन आकडे शेजारी ठेवून "टायर धुरापेक्षा तीसपट घातक" असा मथळा देणारे बरेच भेटतील. तुम्ही देऊ नका. टायरचे बहुतेक कण मोठे असतात, ते रस्त्यावर किंवा कडेला पडतात. हवेत तरंगून फुप्फुसापर्यंत जाण्याइतका बारीक त्यांतला थोडाच भाग असतो, काही टक्के. याउलट धुरातले जवळपास सगळेच कण अतिसूक्ष्म असतात. म्हणून ही तुलना तराजूत घालताना जपून. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. दिल्लीत बीएस-६ इंधन एप्रिल २०१८ पासून आले, सगळ्या देशात बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू झाले, आणि नव्या गाडीचा धूर वर्षागणिक कमी होतो आहे. टायरच्या झिजेला अजून कसलीच मर्यादा नाही. धूर घटला की बाकीच्यांचा वाटा आपोआप वाढतो.

विजेच्या गाडीचेही असेच आहे. दिल्लीने २०२० मध्ये विद्युत वाहनांचे धोरण आणले ते योग्यच केले. नळकांडेच नाही तर धूर कुठला? ब्रेकचा कीसही कमी होतो, कारण वेग कमी करताना मोटरच उलटी वीज बनवते. पण बॅटरीमुळे गाडी जड होते आणि पेडल दाबताच पूर्ण जोर चाकावर येतो. दोन्हींचा भार शेवटी टायरवर. म्हणूनच अशा गाड्यांसाठी आता वेगळे टायर बनू लागले आहेत.

वजनाचे झाले, आता विषाकडे वळू. यासाठी थोडा युद्धाचा इतिहास हवा.

१९४२ च्या आरंभी जपानने मलाया घेतला, १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले आणि जगातल्या बहुतेक नैसर्गिक रबराची वाट दोस्त राष्ट्रांना बंद झाली. रबर नाही तर ट्रक नाही, विमान उतरणार नाही, तोफ हलणार नाही. अमेरिकेत युद्धकाळात शिधावाटपाखाली आलेली पहिली वस्तू साखर नव्हती, टायर होती. देशभर ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली गेली, तीही मुख्यतः रबर वाचवण्यासाठी. हळू चालवले की टायर कमी झिजतो हे तेव्हाच्या सेनापतींना नेमके कळले होते. त्याच टंचाईतून पेट्रोलियमपासून रबर बनवणारे कारखाने धडाक्याने उभे राहिले. आज तुमच्या घरच्या मोटारीच्या टायरमध्ये जे स्टायरीन-ब्युटाडाईन रबर आहे, ते त्या युद्धकालीन रबराच्या वंशातले.

या रबराला एक शत्रू आहे, ओझोन. रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथे वार करतो आणि टायरला आडव्या भेगा पडतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या लष्करी गाड्यांना हा त्रास फार. त्यावर उपाय म्हणून रबरात एक रसायन मिसळतात, ६-पीपीडी. टायरमध्ये त्याचे प्रमाण वजनाच्या एक-दोन टक्के. याचे काम पहारेकऱ्याचे आहे. ते हळूहळू आतून पृष्ठभागाकडे सरकत राहते, ओझोन आला की स्वतः पुढे होऊन त्याच्याशी अभिक्रिया करते आणि मागचे रबर वाचते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक टायरमध्ये हा पहारेकरी आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याची गरजही खरी आहे. धावत्या बसचा टायर भेग पडून फुटला तर काय होते ते सांगायला नको.

पण धारातीर्थी पडलेल्या या पहारेकऱ्याचे पुढे काय होते, हे बरीच वर्षे कुणी पाहिले नव्हते.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहराभोवती अनेक ओढे आहेत. कोहो नावाचा सामन मासा समुद्रातून या ओढ्यांत अंडी घालायला परततो. लोकांनी ओढे स्वच्छ केले, काठाने झाडे लावली, मासे परत येऊ लागले. आणि पाऊस पडला की काही तासांत, अंडी घालण्याआधीच, पटापट मरू लागले. ज्या ओढ्याला रस्त्याचे पाणी मिळते तिथेच हे घडे. सुमारे वीस वर्षे कारण सापडेना. शेवटी वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी टायरचा चुरा पाण्यात भिजवला, त्या काढ्यातली हजारो रसायने एकेक गट करून वेगळी केली, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या गटाने मासा मरतो ते तपासले. हाती उरला एकच पदार्थ. त्याचे सूत्र निघाले, १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. टायरच्या ज्ञात घटकांच्या यादीत असे काहीच नव्हते. मग लक्षात आले की ६-पीपीडीमध्येही १८ कार्बन आणि २ नायट्रोजनच आहेत. ओझोनशी झुंज झाल्यावर दोन हायड्रोजन गेले होते आणि दोन ऑक्सिजन आले होते. पहारेकऱ्याचेच विष झाले होते. त्याला आता ६-पीपीडी-क्विनोन म्हणतात. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातून जगापुढे आले.

पुढच्या मोजमापात दिसले की लिटरमध्ये ९५ नॅनोग्रॅम एवढ्यावर अर्धे कोहो मरतात. पंचवीस लाख लिटरच्या ऑलिंपिक जलतरण तलावात पाव ग्रॅमहून कमी!

म्हणून यमुनेतले मासेही टायरमुळे मरतात का? असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हे विष फार निवडक आहे. कोहोचाच चुलत भाऊ चम सामन त्याच पाण्यात खुशाल जगतो. इंद्रधनुषी ट्राउट मात्र दगावतो. हा मासा आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलच्या थंड ओढ्यांत आहे. वजीराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात यमुनेचे दुखणे आधी सांडपाण्याचे आहे, पाण्यात प्राणवायूच उरत नाही. पण या सूत्रातले सगळे घटक दिल्लीपाशी आहेत हे विसरून चालणार नाही. गाड्यांची प्रचंड संख्या आहे. उन्हाळ्यात कडक ऊन आणि गाड्यांचा नायट्रोजन डायऑक्साईड मिळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आठ-नऊ महिने रस्त्यावर साचलेला चुरा पहिल्या मोठ्या पावसात धुऊन नजफगढसारख्या नाल्यांतून नदीला मिळतो. हा नजफगढ नाला मूळचा नाला नव्हे बरे का, ती साहिबी नदी आहे. रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांनी हवेतली धूळ बसते. पण बसलेली धूळ उचलून नीट ठेवली नाही तर तिची पुढची वाट नाल्याकडेच जाते.

मग टायरच वेगळा बनवता येईल का? इथे अभियंत्याची खरी कसोटी आहे. टायरकडून तीन गोष्टी हव्या असतात. ओल्या रस्त्यावर पकड, सहज घरंगळणे म्हणजे इंधनाची बचत, आणि कमी झीज. त्रिकोणाचा एक कोपरा ओढला की दुसरा आत जातो. मऊ रबर छान पकडते पण लवकर झिजते. कडक रबर टिकते पण पावसात घसरते. झीज कमी करण्यासाठी पकड सोडायची हा सौदा कुणी करणार नाही, करूही नये.

या कोंडीतून पहिली मोठी वाट निघाली सिलिकाने. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. ही एक प्रकारची काजळी, तीच रबराला बळ देते. तिच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातली तर चाक फिरताना वाया जाणारी ऊर्जा घटते आणि ओली पकडही टिकते. अडचण एवढीच की सिलिकाला पाणी प्रिय आणि रबराला नावडते. दोघे एकमेकांत मिसळेनात. सायलेन नावाचे रसायन मध्यस्थ म्हणून घातले, त्याने एक हात सिलिकाला आणि दुसरा रबराला दिला, तेव्हा कुठे जमले. मिशेलिनने असा टायर १९९२ मध्ये बाजारात आणला.

आता ही सिलिका येते कुठून? नेहमीची पद्धत वाळूपासून, भरपूर उष्णता खर्चून. पण भाताच्या तुसातही ती असते. शंभर किलो भातातून वीस किलो तूस निघते, ते जाळले की चार किलो राख राहते आणि त्या राखेत साडेतीन किलोच्या आसपास सिलिका असते. गुडइयरने २०२३ च्या जानेवारीत ९० टक्के टिकाऊ घटकांचा प्रायोगिक टायर दाखवला, त्यात तुसाच्या राखेची सिलिका, सोयाबीनचे तेल आणि पाईनची राळ होती. याच कंपनीचे कारखाने एनसीआरमध्ये बल्लभगडला आणि आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहेत. कर्नाल एनसीआरमध्येच येते आणि तिथे तुसाला तोटा नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांतही नाही. फक्त तूस आणि पराली यांची गल्लत करू नका. पराली शेतात उभी राहते, तूस गिरणीत सुटते. टायर बनवून परालीचा प्रश्न सुटणार नाही.

सोयाबीन तेलाचे महत्त्व वेगळे आहे. रबर मऊ करायला पूर्वी जे खनिज तेल वापरत, त्यात कर्करोगाला कारण होणारी बहुवलयी संयुगे असत. युरोपने १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर कडक मर्यादा घातली. आधी पुष्कळ ओरड झाली, मग दुसरी तेले सापडली. नियम आला की अक्कल धावते, असे माझे मत आहे. मूळ रबरासाठीही पर्याय शोधले जात आहेत. कॉन्टिनेंटलने एका जातीच्या डँडेलियनच्या मुळांतल्या चिकापासून २०१९ मध्ये सायकलचा टायर आणला. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तर रबराच्या बागा दिसतील, तो चीक जुनाच पण आजही लागतोच. ट्रकचा टायर तर मुख्यतः नैसर्गिक रबरावर चालतो.

राहिला ६-पीपीडी. त्याची जागा घेणे सर्वांत अवघड. त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा घातला तर त्याचेही क्विनोन बनते. नव्या रसायनाने आतून सावकाश वर यायला हवे, ओझोनला अडवायला हवे, पाच-सहा वर्षे पुरायला हवे आणि शेवटी निरुपद्रवी अवशेष सोडायला हवेत. कॅलिफोर्नियाने १ ऑक्टोबर २०२३ पासून टायर कंपन्यांना सुरक्षित पर्यायांचा अभ्यास करून तो सादर करणे भाग पाडले आहे. युरोपच्या युरो-७ नियमांत, जे २०२४ मध्ये मंजूर झाले, पहिल्यांदाच टायरच्या झिजेला मर्यादा घालण्याची तरतूद आली. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक घरंगळण्याचा विरोध, ओली पकड आणि आवाज या तीन गोष्टी तपासते. त्यात झीज नाही. ती यायला हवी असे मला वाटते, आणि ती मोजण्याचे सामर्थ्य देशात आहे. पुण्यात एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी, ठाण्यात रबर संशोधनाची इर्म्रा, दिल्लीजवळ मानेसरला आयकॅट, आणि रस्त्याच्या पृष्ठभागासाठी दिल्लीतलीच सीआरआरआय. खरखरीत रस्ता टायर खातो, तेव्हा रस्ता बांधणाराही या हिशोबात आला.

जुन्या टायरांविषयी थोडक्यात. जुलै २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वापरून झालेल्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली; पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्यापासून १००. ट्रकच्या टायरवर नवी नक्षी चढवणे, ज्याला आपण रिमोल्ड म्हणतो, हा सर्वांत शहाणा मार्ग. चुरा करून डांबरात मिसळणे हा दुसरा. हिवाळ्यात शेकोटीत टायर टाकणे हा मात्र गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. त्या धुराशेजारी बसणाऱ्याच्या छातीत काय जाते ते मी वर्गात सांगितले आहेच.

आता तुमचे काम. सैन्यात गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड करतात. तेल, पाणी, आणि टायरची हवा. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले असते. पालकांनाही माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, पंपावर हवा तपासून घ्या. गाडी कितीही नवी असो, टायरमध्ये कितीही सिलिका असो, हवा कमी असेल तर ते रबर रस्त्यावरच जाणार.

नववी आणि दहावीच्या छात्रांनी रविवारी एमटी शेडमध्ये शाळेच्या बसचे टायर मोजायचे आहेत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर घ्या. त्याच्या शेपटाकडून बाहेर येणारी बारीक पट्टी खोली मोजण्यासाठीच असते. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी नक्षीची खोली मिलिमीटरमध्ये लिहा. बाजूच्या भिंतीवर चार अंकी आकडा शोधा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. चालकदादांकडून बसचे किलोमीटर आणि टायर बसवल्याची तारीख विचारून घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांपैकी कोणती जास्त झिजली आणि का, हे आधी स्वतः ठरवा, मग चालकदादांना विचारा. त्यांचे उत्तर बहुधा तुमच्यापेक्षा चांगले असेल. नोंदी विज्ञान मंडळाच्या वहीत ठेवा, सत्र संपताना तेच टायर पुन्हा मोजू.